रूळ, सीमा आणि परवाना

इंदूर शहराच्या उत्तरेस, लक्ष्मीबाईनगर स्थानकाच्या बाजूने, सांवेर रोड निघतो व पुढे सांवेरमार्गे उज्जैनकडे जातो. एके काळी हा महाकालाच्या यात्रेकरूंचा रस्ता म्हणून ओळखीचा होता; आज त्याच्या दोहों बाजूंस कारखाने उभे आहेत. माझ्या पुतण्याचा लहानसा कारखाना त्यांतच आहे. मागील महिन्यात तेथे बसलो असता त्याने मेजावर युरोपचा नकाशा पसरला. पत्नी, दोन मुले व आई यांना घेऊन आगगाडीने युरोप पाहावा, असा त्याचा संकल्प होता. फ्रँकफुर्टला उतरावयाचे, तेथून स्वित्झर्लंड, मग इटली, पॅरिस, लंडन आणि शेवटी आम्स्टरडॅम. अशी एकोणीस रात्रींची आखणी. सर्वांसाठी ‘युरेल’चा पास घ्यावयाचा, एका महिन्यात कोणतेही सात प्रवासदिवस.

“काका, तुम्ही वकील आहात म्हणून कागद एकदा डोळ्यांखालून घाला. एरवी पास हातात आला की अडचण कसली? एकच पास, तेहतीस देश. सीमा म्हणून काही उरलेलीच नाही.”

मी म्हणालो, “अरे, पास म्हणजे भाडे चुकते केल्याची पावती. तो परवाना नव्हे.”

तो हसला. मला मात्र माझ्या आजीचे एक वाक्य आठवले. आमच्या घरी व्यवहार मराठीत चाले, पण आजीचा राग व लोभ कोंकणीत प्रकट होई. “देवागेर वचपाक कसलो परवानो?” असे ती विचारी. देवाच्या घरी जावयास परवाना कशाला, हा तिचा प्रश्न होता, आणि तो तिने सहा-सात वर्षे विचारला. या प्रश्नाचा इतिहास आपल्या समाजातील पुष्कळ घरांचा इतिहास आहे. म्हणून तो येथे सांगतो.

आमची कुलदेवता कवळ्याची श्रीशांतादुर्गा. ज्यांची कुलदैवते गोव्यात व संसार मालव्यात, अशी घरे इंदुरास थोडी नाहीत. आजोबांच्या तरुणपणी कुलदेवतेच्या दर्शनाचा मार्ग असा होता : इंदुराहून खांडव्यापर्यंत मीटरमापी गाडी, खांडव्यास सामान उतरवून रुंदमापी गाडीने पुणे, पुण्यास पुन्हा मीटरमापी गाडी धरून मिरज, बेळगाव व लोंढा, आणि लोंढ्यापुढे कॅसलरॉक ओलांडून मडगाव. मुंबईकरांना पणजीची आगबोट सोयीची होती. मालव्यातील माणसाला आगगाडीवाचून गती नव्हती. या एका प्रवासात दोनदा रुळांचे माप बदले आणि तीन राजवटी लागत. होळकरांचे राज्य, इंग्रजांचा मुलूख व पोर्तुगीजांचा मुलूख. युरोपच्या सीमापार प्रवासाचे ज्यांना अप्रूप वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की आपले आजे-पणजे तसा प्रवास नवस फेडावयास जाताना करीत होते.

या मार्गाचा पहिला तुकडा इंदूरच्या खजिन्यातून बांधला गेला. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षांची व व्याज सालिना साडेचार टक्के. १८७० च्या दशकात नर्मदेवरील पूल व घाट उभे राहून गाडी इंदुरास आली. परंतु रुळांसाठी पैसा देणे निराळे आणि रुळांवर सत्ता चालविणे निराळे. संस्थानांतून जाणाऱ्या लोहमार्गाच्या जमिनीवरील न्यायाधिकार संस्थानिकांकडून इंग्रज सरकार आपल्याकडे घेत असे. म्हणजे प्रवासी संस्थानात असला तरी गाडीत बसताच तो निराळ्या कायद्याखाली येई.

या अधिकाराची मर्यादा कोठे संपते, हा वाद पुढे थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. निजामाच्या राज्यातील शंकरपल्ली स्थानकावर एका इसमास सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावर पकडण्यात आले होते. १८९७ साली प्रिव्ही कौन्सिलने ही अटक बेकायदा ठरविली. लोहमार्गावरील अधिकार लोहमार्गाच्या कामापुरता आहे. त्या वाटेने दुसऱ्याच्या राज्यात शिरून हवा तो हुकूम बजावता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय. रूळ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात ते करारामुळे, व तो करार जेवढे देतो तेवढेच प्रवाशाला मिळते, हे तत्त्व त्यात आले. पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली तीच आहे.

आता मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. मुरगाव बंदरापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतचा लोहमार्ग एका तहाच्या पोटी जन्मला. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह झाला आणि १८८० च्या जानेवारीत तो अंमलात आला. त्यान्वये हिंदुस्थानातील इंग्रजी व पोर्तुगीज मुलखांमधील जमिनीवरची जकात उठली, दोन्हीकडे जकातीचे दर एक झाले, आणि मुरगावहून लोहमार्ग बांधण्याचे ठरले. शतकभरानंतर युरोपात ज्या कल्पनेचा गौरव झाला, तिचा हा एक लहानसा पूर्वावतार होता असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु सीमा फुकट उघडत नाही. या तहाची किंमत होती मीठ. गोव्यातील मिठाचा सारा कारभार इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेला. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लाख रुपये मिळावयाचे होते. ती रक्कम सरकारास मिळाली. मिठागरांवर पोट भरणाऱ्या गोमंतकीयाच्या वाट्यास मात्र कर, पहारे व बेकारी आली, आणि अनेकांनी मुंबईची वाट धरली. तह बारा वर्षांचा होता. इंग्रजांनी तो पुढे चालविला नाही आणि १८९२ च्या जानेवारीत तो संपला. सीमेवर जकातीची चौकी पुन्हा बसली.

रूळ मात्र तोवर पडून गेले होते. लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ या कंपनीने पोर्तुगीज सरकारच्या हमीवर हा मार्ग बांधला. मुरगाव ते सावर्डे हा सपाटीचा भाग १८८७ च्या जानेवारीत खुला झाला. पुढचा घाटाचा भाग १८८८ च्या फेब्रुवारीत. एकूण लांबी सुमारे ५१ मैल. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचा चढ सदतिसास एक इतका कडक. बोगद्यांमागून बोगदे, आणि मधोमध दूधसागराचा प्रपात. १९०२ पासून ही गाडी सदर्न मराठा रेल्वे चालवू लागली, म्हणजे डबे, इंजिने व कारभार एकच झाला. तरीही कॅसलरॉकला एका सरकारची झडती आणि घाट उतरून कुळ्याला दुसऱ्या सरकारची झडती, हा क्रम चुकत नसे.

त्या झडतीच्या पुष्कळ कथा आजोबा सांगत. देवीची खण-नारळाची ओटी उलगडून पाहिली जाई. नवे लुगडे विकावयाचे की देवीला नेसवावयाचे, हे पटवून द्यावे लागे. पण झडती झाली की गाडी सुटे. माणसाला कोणी अडवीत नसे. अडत ते सामान. त्या काळचा सामान्य यात्रेकरू गोव्याला परदेश मानीत नसे, आणि व्यवहारात त्याला तसे मानावेही लागत नसे. माणूसच अडविला जाऊ शकतो, याची जाणीव १९४६ साली झाली. त्या वर्षी १८ जून रोजी मडगावला नागरी स्वातंत्र्याची हाक देणारे डॉ. राममनोहर लोहिया सप्टेंबरात पुन्हा गोव्यात येत असता कुळे स्थानकावरच पकडले गेले. जेथे ओट्या उलगडल्या जात, तेथे आता माणसे गाडीतून उतरविली जाऊ लागली.

येथे थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. कारण आपल्या देवस्थानांचा इतिहासच मुळी सीमोल्लंघनाचा आहे. साष्टी प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात तेथील देवालये पाडली गेली. त्या काळात कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा व वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते भक्तांनी रातोरात नदीपलीकडे, आदिलशाही अंमलाखालील अंत्रुज महालात नेली. नदी ही सीमा होती, आणि ती ओलांडल्यामुळेच देव वाचले. पुढे शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने कवळ्याचे देवालय उभे राहिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी फोंडा महालही काबीज केला. देवांनी ओलांडलेली सीमा अशी दोनशे वर्षांनी देवांच्या मागे चालत आली. तोवर काळ बदलला होता. नव्या काबिजादीतील देवालयांना जुन्यांची गत आली नाही. तथापि देव एका राज्यात व कुळावी दुसऱ्या राज्यात, ही स्थिती कायम झाली.

ही स्थिती सोसण्याजोगी होती ती गाडी चालू होती तोपर्यंत. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने गोव्याचा प्रश्न वाटाघाटींनी सोडविण्याचा यत्न केला. लिस्बनने दाद दिली नाही. १९५४ पासून जाण्यायेण्यावरील बंधने वाढत गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले असता पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसाहून अधिक सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यानंतर भारताने नाकेबंदी पुरी केली व मुरगावची गाडी बंद पडली. कॅसलरॉकपर्यंत रूळ होते, कॅसलरॉकच्या पुढेही रूळ होते. मध्ये कोठेही एक स्लीपर तुटलेला नव्हता. तुटला होता तो करार.

आमच्या घरात याचा अर्थ फार साधा होता. माझ्या वडिलांचा जन्म १९५४ च्या अखेरचा. आधीची दोन मुले दगावली होती. हे मूल जगले तर वर्षाच्या आत कवळ्यास नेऊन देवीच्या पायांवर घालीन, असा आजीचा नवस होता. पावसाळा सरला की निघावयाचे ठरले, आणि पावसाळ्यातच गाडी बंद झाली. आजोबांनी परवान्यासाठी अर्ज केला; त्याचे उत्तर आले नाही. दुसरा केला, त्याचेही आले नाही. आजोबा नाकेबंदीच्या बाजूचे होते. सत्याग्रहींवर गोळ्या चालल्यावर मुरगावच्या बंदरास धान्य-सामान पोचू देणे हे त्यांना पाप वाटे. परंतु घरात मुलाला ताप आला की आजी देवघराकडे पाही, मग आजोबांकडे पाही, आणि तेच वाक्य उच्चारी. आजोबांपाशी उत्तर नसे. दोघांचेही खरे होते. म्हणूनच त्या घरातील अबोला पुष्कळ दिवस टिकला.

त्याच सुमारास आजीचा प्रश्न निराळ्या वेषात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभा होता. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने भारताविरुद्ध फिर्याद केली. दमणहून दादरा व नगरहवेलीस भारताच्या भूमीतून जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असे पोर्तुगालचे म्हणणे. या वादात १८७८ च्या तहाचीही चर्चा झाली. न्यायमूर्ती छागला भारतातर्फे नियुक्त तदर्थ न्यायाधीश म्हणून बसले होते. १२ एप्रिल १९६० रोजी निर्णय लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना जाण्याचा हक्क पूर्वापार वहिवाटीने सिद्ध आहे. सैन्य, सशस्त्र पोलिस व शस्त्रे यांना नाही. आणि जो हक्क आहे तोही भूमीच्या स्वामीच्या नियमनास अधीन आहे; भारताने त्या नियमनाच्या अधिकाराचा वापर करताना कर्तव्यभंग केलेला नाही. वाट हा हक्क असू शकतो, पण दाराची कडी घरधन्याच्या हाती राहते, असे हे उत्तर आहे. कायद्याचा विद्यार्थी म्हणून ते मला निर्दोष वाटते. आजीला मात्र ते कधीच पटले नसते.

आता युरोपकडे पाहा. ज्या वर्षांत कॅसलरॉकचे फलाट ओस होते, त्याच वर्षांत, म्हणजे १९५९ साली, युरोपातील तेरा देशांच्या रेल्वेंनी मिळून परदेशी प्रवाशांसाठी ‘युरेलपास’ काढला. त्या तेरांत पोर्तुगालही होता! आपल्याकडे आलेल्या परदेशी प्रवाशाला एका पासावर स्वीडनपर्यंत धाडणाऱ्या देशाच्या अंमलाखालील मडगावात त्या वेळी बेळगावहून गाडी येत नव्हती.

युरोपचा पासही आकाशातून पडला नाही. त्याच्या मागे करारांची लांब साखळी आहे. १८५२ साली बाडेनचे संस्थान व स्वित्झर्लंड यांच्यात तह झाला. त्याचे फळ म्हणून बाझेल शहरात आजही स्विस भूमीवर जर्मन रेल्वेचे स्थानक उभे आहे. रेल्वेमालाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा बर्नचा करार १८९० चा. प्रवाशांसंबंधीचा १९२४ चा. रेल्वेंचा आंतरराष्ट्रीय संघ पॅरिसला १९२२ मध्ये स्थापन झाला. रुळांचे माप तेथेही एक नाही. फ्रान्सचे १४३५ मिलिमीटर व स्पेनचे जुने माप १६६८, म्हणून त्या दोन देशांच्या सीमेवर प्रवाशांना आपल्या खांडव्यासारखीच गाडी बदलावी लागे. एवढे होऊनही १९५९ चा पासधारक प्रत्येक सीमेवर पासपोर्ट दाखवीतच होता. माणसांची तपासणी उठविण्याचा शेंगेन येथील करार १४ जून १९८५ चा, आणि तो प्रत्यक्षात आला २६ मार्च १९९५ रोजी. म्हणजे भाडे एक झाल्यावर दार उघडण्यास छत्तीस वर्षे लागली. दार उघडले म्हणून कडी गेली असेही नाही. २०२० च्या साथीत ती लागली; २०२४ च्या सप्टेंबरात जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. करारातच तशी सोय आहे.

म्हणून मी पुतण्याची आखणी घेऊन बसलो आणि भाड्याचे कागद एका बाजूस व परवान्याचे दुसऱ्या बाजूस असे दोन ढीग केले. आपल्या वाचकांपैकीही अनेकांची मुले-नातवंडे असा प्रवास आखीत असतील. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो.

फ्रँकफुर्टला उतरणार म्हणून तो जर्मनीच्या व्हिसासाठी अर्ज करणार होता. नियम असा, की जेथे मुक्काम सर्वांत अधिक त्या देशाकडे अर्ज करावा. मुक्काम समान असतील तरच प्रथम प्रवेशाचा देश. त्याच्या पाच रात्री इटलीत होत्या. बाकी कोठेही तीनाहून अधिक नव्हत्या. अर्ज इटलीकडेच जावयास हवा होता. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तो पोचलाच पाहिजे, आणि शहाण्याने पंधरा दिवसांवर विसंबू नये. औषधोपचाराचा विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो.

खरा खड्डा मात्र लंडनमध्ये होता. पास ब्रिटनमध्ये चालतो. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा निराळा. एवढे पुतण्याच्या ध्यानात होते. परंतु पॅरिसहून लंडनला गेला की तो शेंगेनच्या बाहेर पडतो आणि आम्स्टरडॅमला येताना पुन्हा आत शिरतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. एकाच प्रवेशाचा व्हिसा हाती असता तर परतीचे विमान आम्स्टरडॅमला, आणि पाच माणसे लंडनच्या स्थानकावर हातात चालू पास घेऊन उभी, असा प्रसंग आला असता. उपाय सोपा होता : एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा किंवा लंडन शेवटी ठेवून तेथूनच परतावे. वहिनींचे गुडघे दुखतात. म्हणून दुसरा उपाय आम्ही पत्करला.

पासाच्या ढिगातही एक-दोन गोष्टी होत्या. जर्मनी, स्वित्झर्लंड येथे बहुतेक गाड्यांत पास दाखवून बसता येते. इटलीच्या व फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत आणि लंडनच्या युरोस्टारमध्ये जागा निराळे पैसे भरून राखावीच लागते, व पासधारकांसाठीच्या जागा मर्यादित असतात. रात्रीच्या गाडीचा दिवस निघण्याच्या तारखेचा धरला जातो. आणि सीमा दिसत नसली तरी पासपोर्ट सामानाच्या तळाशी न ठेवता अंगावर ठेवावा.

हे सर्व ऐकून पुतण्याने विचारले, “मग आजीचा नवस फिटला केव्हा?”

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या माघात, कवळ्याच्या जत्रेस, आजी-आजोबा वडिलांना घेऊन निघाले. पायांवर घालावयाचे मूल आठ वर्षे पुरी करून नववे चालू लागले होते. खांडवा, पुणे, लोंढा असे बदलत गाडी पहाटे कॅसलरॉकला लागली. वडील सांगत, की गाडी थांबताच आजोबा सवयीने उठले, कोट चढविला, ओटीची पिशवी उघडून ठेवली आणि खिशातून परवान्याच्या दोन जुन्या अर्जांच्या नकला काढून हातात धरल्या. कोणी आले नाही. शिट्टी झाली, गाडी बोगद्यात शिरली. कुळ्यालाही ते तसेच बसून राहिले. तेथेही कोणी आले नाही. मडगावला उतरून, बोरीपाशी नदी ओलांडून मंडळी कवळ्यास पोचली. आठ वर्षांचा मुलगा लाजत होता, तरी आजीने त्याला देवीसमोर आडवा घातला.

त्या नकला आमच्या घरी अद्याप आहेत. मी त्या दुसऱ्या दिवशी सांवेर रोडवर नेऊन पुतण्याला दाखविल्या. त्याने त्या बराच वेळ पाहिल्या, मग नकाशा गुंडाळला आणि व्हिसाचे अर्ज भरावयास घेतले. मुलांनी वाचावे म्हणून एक प्रत काढून ठेवतो, एवढेच तो म्हणाला. आज इंदुराहून मडगावास जावयाचे तर कसलाही परवाना लागत नाही. ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी कमावली याचा विसर पडावा. तो पडू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.